कोण कोणाला टेकलंय?

"तू नक्की काय करतेस गं?" हा प्रश्न मला दर दिवाळीला किमान तीन जण विचारतात. "प्रोटीनवर काम करते" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग मूगडाळ चांगली की मसूर? एरवी मी हसून विषय बदलते. पण यंदा घरातच असं काही झालं की हे सगळं नीट सांगणं भाग आहे. तेव्हा ही पोस्ट जरा लांबणार. नेहमीच्या ब्लॉगर मंडळींनी चहा घेऊन बसावं, आणि नागपूर-चंद्रपूरच्या मंडळींनी तर शेवटपर्यंत वाचायचंच आहे!

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर, प्रोटीनच्या रेणूत कोण कोणाला टेकलंय याची यादी करायची आणि त्यातलं कुठलं टेकणं महत्त्वाचं आहे ते शोधायचं. बस्स.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. काही पाण्यात रमणारे, काही तेलकट, पाण्यापासून तोंड लपवणारे; काहींवर धन भार, काहींवर ऋण. ही माळ सरळ लोंबकळत नाही, स्वतःभोवती गुंडाळली जाते, आणि मग माळेत एकमेकांपासून लांब असलेले मणी शेजारी येऊन बसतात. क्ष-किरणांनी किंवा इतर पद्धतींनी प्रत्येक अणूची जागा शोधून काढलेली असते. अशा रचना प्रोटीन डेटा बँकेत १९७१पासून जमा होत आहेत आणि कुणालाही फुकट मिळतात. मी तिथून फाइल घेते आणि दोन-दोन मण्यांमधलं अंतर मोजते. अर्थात मी नाही, संगणक मोजतो. ८ अँगस्ट्रॉमच्या आत असले तर टेकलेले, बाहेर असले तर नाहीत, असा एक ढोबळ नियम आहे. (१ सेंटीमीटरचे १० कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे १ अँगस्ट्रॉम.) जरा काटेकोर व्हायचं असेल तर अणूला अणू किती जवळ आहे ते बघायचं, ४-४.५ अँगस्ट्रॉमपर्यंत. माळेतले लगतचे मणी मोजायचे नाहीत, ते तर जवळ असणारच.

आता उदाहरण म्हणून आपल्या सगळ्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन घेऊ. त्यात चार माळा असतात: १४१ मण्यांच्या दोन अल्फा आणि १४६ मण्यांच्या दोन बीटा. एकूण ५७४ मणी, म्हणजे १,६४,४५१ जोड्या. त्यातल्या काही हजार जोड्या टेकलेल्या निघतात. यादी तयार व्हायला क्षणभर लागतो. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते, कारण त्यातल्या बहुतेक जोड्या नुसत्याच शेजारी असतात. लग्नातल्या ग्रुप फोटोसारखं आहे हे. कोण कोणाला खेटून उभं आहे ते फोटोत दिसतं, पण त्यावरून नातं कळत नाही. फोटोग्राफरने दाटीवाटीने उभं केलं म्हणूनही माणसं खेटतात.

यावर उपाय म्हणजे दुसरा फोटो. त्याच माणसांचा, पण वेगळ्या प्रसंगाचा. मग कोण हललं आणि कोण तरीही एकमेकांना धरून राहिलं ते दिसतं. हिमोग्लोबिनचे असे दोन फोटो आहेत, ऑक्सिजन घेतलेलं आणि ऑक्सिजन सोडलेलं. केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७मध्ये या रेणूचा पिच्छा धरला आणि १९५९मध्ये त्यांना त्याची पहिली ढोबळ रचना दिसली. बावीस वर्षं! १९६२मध्ये नोबेल मिळालं, तरी ते थांबले नाहीत. १९७०मध्ये त्यांनी दाखवलं की ऑक्सिजन नसताना काही मणी विरुद्ध भारांमुळे एकमेकांना धरून असतात, आणि ऑक्सिजन आला की ती पकड सुटते. रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरतो. बीटा माळेतला ९७वा मणी अल्फा माळेच्या एका खाचेतून उठून शेजारच्या खाचेत जाऊन बसतो. दोन्ही याद्यांची वजाबाकी केली की मागे उरतात त्या अशा जोड्या. श्वास घेणं म्हणजे रेणूच्या पातळीवर हेच.

आता घरची गोष्ट. ज्यांची आहे त्यांना विचारून लिहितेय.

माझ्या मावसबहिणीची कॉलेजच्या शिबिरात रक्ततपासणी झाली. रिपोर्ट आला "एएस", म्हणजे सिकलसेलची वाहक. नेमकं तेव्हाच तिचं लग्न जमत आलं होतं. तिने काहीही न लपवता मुलाला सांगितलं. मुलाकडून दोन दिवस काही नाही, मग कुणाकडून तरी निरोप आला की "रक्तात दोष आहे म्हणे". मावशीचा मला फोन. "तू तर हेच करून राहिली ना वर्षानुवर्षं? मग सांग मला, माझ्या पोरीला रोग आहे का नाही?"

मावशी, फोनवर तुला घाईत सांगितलं ते आता सविस्तर लिहिते.

सिकलसेलमध्ये बीटा माळेतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. (हल्लीच्या जनुकीय रिपोर्टांत तोच सातवा म्हणून लिहिलेला दिसेल. मोजायला सुरुवात कुठून करायची एवढाच तो फरक आहे, घाबरू नका.) हा रोग हिमोग्लोबिनच्या रेणूचा आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९मध्ये दाखवलं, आणि नेमका कुठला मणी बदलतो ते व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७पर्यंत शोधून काढलं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. पहिलं पाण्याशी पटणारं, दुसरं तेलकट. मणी रेणूच्या पृष्ठभागावर आहे, त्यामुळे आतल्या गुंडाळीत फारसं काही बिघडत नाही. रेणू ऑक्सिजन घेतो आणि सोडतो.

मग बिघडतं कुठे? तर टेकण्यात. रेणूने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार असा होतो की एका रेणूचं ते तेलकट व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा माळेतल्या एका खळग्यात चपखल बसतं. खळगा ८५व्या आणि ८८व्या मण्याजवळचा, तेही दोघे तेलकट. हा खळगा तुमच्या-माझ्या साध्या हिमोग्लोबिनमध्येही असतोच, फक्त त्यात येऊन बसणारं कुणी नसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असं करत चौदा पदरी दोर वळला जातो आणि त्या ताठ दोरांमुळे लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

पण हे व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ पेशीत असं हिमोग्लोबिन किती दाटीने आहे यावर ठरतो. दाटी थोडी कमी झाली तरी वेळ खूप वाढतो, आणि तेवढ्यात पेशी फुप्फुसात परत जाऊन ऑक्सिजन घेऊन मोकळी होते. रुग्णांना भरपूर पाणी प्या असं सांगतात ते उगीच नाही. वाहकाच्या पेशीत बदललेलं हिमोग्लोबिन साधारण ४० टक्के किंवा त्याहून कमी असतं, बाकीचं बहुतेक साधं. म्हणून रोजच्या आयुष्यात हे दोर वळले जातच नाहीत. अतिश्रम, पाण्याची कमतरता, खूप उंचीवरची विरळ हवा अशा टोकाच्या प्रसंगी जपायचं, एवढंच.

तेव्हा मावशी, उत्तर: नाही. तिला रोग नाही. बदललेला मणी आहे. रिपोर्टात मणी लिहिलेला असतो, त्याचं टेकणं लिहिलेलं नसतं, आणि रोग त्या टेकण्यात आहे.

खळग्याच्या अगदी शेजारी, ८७व्या जागी, बाळाच्या जन्मावेळच्या हिमोग्लोबिनमध्ये वेगळा मणी असतो. तो या टेकण्यात अडथळा आणतो. म्हणून एसएस बाळांनाही पहिले काही महिने बहुधा त्रास होत नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी हेच बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं, आणि २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेल्या जनुकसंपादनाच्या उपचाराचा रोखही तोच आहे. तो फार महाग आहे. गोळ्या आपल्याकडे मिळतात.

आता मुलाकडच्यांसाठी गणित. एक वाहक आणि दुसरा साधा असेल तर मुलांपैकी कुणालाही एसएस होत नाही; प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला एसएसची शक्यता २५ टक्के. म्हणून तपासणी दोघांची हवी, आणि थॅलेसेमियाचीही हवी, कारण एकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला तरी मुलाला त्रास होऊ शकतो. एकटीचा रिपोर्ट बघून लग्न मोडणं म्हणजे ग्रुप फोटोतला एकच चेहरा कापून त्याचं नातं ओळखण्यासारखं आहे.

तपासणीचंही सांगते. शिबिरातली पहिली चाचणी असते ती सोल्युबिलिटीची. रक्ताच्या थेंबातला ऑक्सिजन रसायनाने काढून घेतात. बदललेलं हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. मी पडद्यावर अँगस्ट्रॉममध्ये मोजते ते टेकणं तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसतं! पण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे तिच्यावरून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. म्हणून गढूळ नळी बघून कुणी निष्कर्ष काढू नये. २०२३पासून याची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचं त्यांचं उद्दिष्ट आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे तर त्याआधीपासून तपासण्या होतात.

पुढे काय झालं? मुलाने स्वतःहून तपासणी करून घेतली. एए, थॅलेसेमिया नाही. त्याच्या घरचे अजून विचार करताहेत. मी बहिणीला म्हटलं, चांगलं झालं की, आता होकार येईल. ती म्हणाली, "ताई, करू दे त्यांना विचार. मी पण करतेय."

यावर मला काहीच बोलता आलं नाही.

आणि हे कुणा एकीचं नाही. काका एए निघाले, मावशी एएस. मग मी आणि आईनेही तपासून घेतलं. आई एएस, मी एए. म्हणजे आजी-आजोबांपासून हा मणी आपल्या घरात आहे आणि दोन्ही बहिणी साठीपर्यंत ठणठणीत आहेत. मावशीनेच हे सगळ्या नातेवाइकांना स्वतः फोन करून सांगितलं, त्याबद्दल तिला सलाम.

उरले मामा आणि त्याची दोन्ही पोरं. मामा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. धाकट्याचं लग्न ठरायच्या आधी तिघेही जाऊन या. सरकारी दवाखान्यात होतं, थोडंसंच रक्त घेतात, आणि उपाशीपोटी जावं लागत नाही.