हंगाम सुरू होण्यापूर्वी

दारव्ह्यात पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हमखास विचारतात. प्रश्न विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची दया असते. त्यांचेही खोटे नाही. इथे डोंगरी किल्ला नाही, धबधबा नाही, थंड हवा तर नाहीच नाही. यवतमाळहून निघालेली एस. टी. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता तोडून स्थानकात शिरते, दहा मिनिटे धापा टाकते आणि दिग्रसकडे किंवा कारंज्याकडे निघून जाते. खिडकीतल्या प्रवाशाला दिसतात ती खताची दुकाने, जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग, चहाच्या टपऱ्या आणि दुपारच्या उन्हात पेंगणारी एखादी म्हैस.

एके काळी पाहुण्यांना दाखवायला निदान आगगाडी होती. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची ‘शकुंतला’. किलिक-निक्सन या विलायती कंपनीने वऱ्हाडातला कापूस उचलण्यासाठी बांधलेली. दारव्हा-मोतीबाग हे तिच्यावरचे आमचे स्थानक. 1994 साली तिचे वाफेचे इंजिन गेले आणि डिझेलचे आले; पुढे गाडीही थांबली. आता रुळांवर गवत वाढते आणि ‘शकुंतला पुन्हा केव्हा धावणार?’ हा प्रश्न निवडणुकीच्या दिवसांत तेवढा जागा होतो.

मग दाखवायचे काय? माझे उत्तर ठरलेले आहे. दसरा ते दिवाळी या दिवसांत या, आणि संध्याकाळी साडेपाचला माझ्याबरोबर मैदानावर चला.

मैदान म्हणजे फार मोठे काही डोळ्यांसमोर आणू नका. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद एवढा जमिनीचा तुकडा, बाजूला पडकी भिंत, भिंतीला टेकून एक कडुनिंब, आणि निंबाला बांधलेले दोन दिवे. पण हा तुकडा साधा नव्हे. आमच्याकडची जमीन काळी; पावसात ती पाय सोडत नाही आणि उन्हात भेगाळून दगड होते. तिच्यावर कबड्डी खेळणे म्हणजे गुडघे फोडून घेणे. म्हणून भाद्रपद सरता सरता पोरे ट्रॉलीभर तांबडी माती आणतात, ती चाळणीने चाळतात, खडा न् खडा वेचतात, वर पाणी शिंपडतात, रूळ फिरवतात. दसऱ्याला चुन्याच्या रेषा पडतात, नारळ फुटतो, आणि आमच्या संघाचा सराव सुरू होतो. पहिली स्पर्धा दिवाळीनंतर. मधले हे दिवस म्हणजे हंगामापूर्वीचे दिवस. आणि माझ्या मते वर्षातले सर्वांत सुंदर दिवस.

सामना पाहायला सारे गाव लोटते. सराव पाहायला आम्ही चौघे-पाचच. एक निवृत्त पोस्टमन, एक टपरीवाला, जो गिऱ्हाईक पोरावर सोपवून येतो, एक शिंपी आणि मी. संघाला शिकवणारे काका एस. टी.त कंडक्टर होते. निवृत्तीनंतर खाकी कपडे गेले, पण शिटी राहिली. त्यांनी पहिल्याच दिवशी मला खुर्ची मागवली. मी संकोचलो, तर म्हणाले, “म्याच पाहाले त सारं गाव येते, सर. हे पाहाले कोनी येत नाही. म्हनून तुमाले खुर्ची.”

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असतो. तिकडे फुटबॉलचा एक आगळाच प्रकार चालतो. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एकेका बाजूला अठरा गडी. त्याचे पहिले नियम मेलबर्नलाच 1859 साली लिहिले गेले. त्यांचा हंगाम मार्चला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अंतिम सामन्यापर्यंत चालतो. पण सराव सुरू होतो तो नोव्हेंबरच्या सुमारास, भर उन्हाळ्याच्या तोंडावर. या विद्यार्थ्याने मला कळविले की, तिकडेही काही मंडळी कामधंदा सोडून कुंपणाला रेलून नुसता सराव पाहत उभी असतात. कोण जोरात पळतो आहे, कोणाच्या गुडघ्याला पट्टी आहे, नवा पोरगा कसा आहे, याची चर्चा करतात. ते वाचून मला फार बरे वाटले. माणसे सगळीकडे सारखीच, हे वाक्य आपण भाषणात ऐकतो; पण दारव्ह्याच्या पोस्टमनला मेलबर्नमध्ये भाऊबंद आहेत, हे कळण्यात त्याचा खरा अनुभव येतो.

सरावात पाहायचे तरी काय? तिथे गुण नाहीत, ढोल नाहीत, जिंकणे-हरणे नाही. मी म्हणतो, म्हणूनच पाहायचे! सामन्यात चढाई तीस सेकंदांत आटोपते. डोळ्यांना दिसते ती धूळ आणि कानांना ऐकू येतो तो गलका. सरावात तीच चढाई सुटी सुटी करून मांडलेली असते. आधी मैदानाभोवती धावणे, मग जोर-बैठका, मग एका पायावर उड्या. त्यानंतर दम. पोरे ओळीने उभी राहतात आणि ‘कबड्डी कबड्डी’ हा घोष एका श्वासात, स्पष्ट, न तुटता तीस सेकंद चालवतात. जुन्या खेळात चढाई दम असेपर्यंत चाले. आता घड्याळ आले. पण दम तुटला की गडी बाद, हा कायदा कायम आहे. वर्गात मी मुलांना ओवी एका श्वासात म्हणायला सांगतो, तेव्हा तिसऱ्या चरणाला मुले हाशहुश करतात. त्यातलीच दोन पोरे इथे डोळे न मिटता तीस सेकंद काढतात!

मग पकडीचा अभ्यास. सात गडी कमानीसारखे उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्याशेजारी त्यांचे साथीदार, हात हातात गुंफलेले, ही साखळी. चढाई करणारा निदानरेषा ओलांडून आत येतो. बोनस घ्यायला त्याचा पाय पुढच्या रेषेपलीकडे टेकला, की कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरायचा. अर्धा क्षण लवकर झेपावला तर तो स्वतःच बाद. अर्धा क्षण उशीर झाला तर चढाईवाला मध्यरेषेवर! आणि घोटा धरला तरी एकट्याने निभत नाही. साखळीतला साथीदार त्याच क्षणी कमरेवर आला पाहिजे. काका हे सारे चालण्याच्या गतीने करून घेतात. चढाईवाला नवरदेवासारखा सावकाश येतो, कोपरा सावकाश वाकतो, आणि काकांची शिटी वाजते. “पायाकडं पाहू नको बे! कंबर पाह्य! पाय लबाड असते, कंबर लबाड नसते.”

एवढ्या विद्येला आमच्या भागात परंपरा आहे, हे पाहुण्यांना सांगताना माझा आवाज थोडा चढतो. आमच्या शेजारच्या अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले, आणि याच संस्थेच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ युरोपला करून दाखविले. त्यांत कबड्डीही होती. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. आणि 2014 साली प्रो कबड्डी दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा आमच्या शिंप्याला एकाएकी पोरांच्या जर्सीवर आकडे शिवण्याचे काम मिळाले. आता स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या आहेत. मातीवर पाय थोडा घसरतो आणि वळायला मदत करतो. मॅटवर बुटातला पाय जागीच रोवला जातो आणि माती अंगात मुरलेल्या गड्याचा गुडघा मुरगळतो. आमच्या संघाजवळ मॅट नाही. आठवड्यातून एकदा उसन्या मॅटवर खेळायला पोरे यवतमाळला जातात. येताना रात्रीची शेवटची गाडी धरतात.

पण या दिवसांची खरी अडचण मॅट ही नव्हे. अडचण ही की, आमचा सराव आणि शेतीचा हंगाम एकाच मुहूर्तावर येतात. सोयाबीन काढून होते न होते तोच कापूस फुटू लागतो. शेतात सीतादही होते आणि वेचणी सुरू. सकाळपासून वाकून कापूस वेचलेला पोरगा संध्याकाळी पुन्हा वाकून घोटे धरतो. कधी एखादा येतच नाही. काका विचारतही नाहीत. घरी वेचायला माणूस नसेल, मजुरी परवडत नसेल, भाव पडले असतील. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे दुःख वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. मैदानावर ते एखाद्या रिकाम्या जागेच्या रूपाने दिसते, एवढेच.

गेल्या वर्षी अशीच एक जागा रिकामी व्हायची वेळ आली. आमचा उजवा कोपरा हा संघाचा कणा. वय बावीस, उंची बेताची, बोलणे त्याहून बेताचे. सहा वर्षे तो आणि त्याचा साथीदार एकमेकांचा हात धरून त्या कोपऱ्यात उभे होते. एकाने श्वास घेतला की दुसऱ्याला कळावे, असे ते झाले होते. सराव सुरू होऊन चार दिवस झाले आणि त्याला चाकणच्या एका कारखान्यातून बोलावणे आले. दिवाळीच्या आत हजर व्हायचे. चार एकर कोरडवाहू, धाकटी बहीण कॉलेजात. त्याचे वडील मला बाजारात भेटले. “नौकरी काही रोज दारी येत नाही, सर,” म्हणाले. मी होकार दिला. दुसरे काय म्हणणार होतो? भिंतीजवळ मात्र आम्हा चौघांचे तोंड कडू झाले. पोस्टमन म्हणाले, “आता यंदा काही खरं नाही.” टपरीवाल्याने तर त्या दिवशी चहाचे पैसे घ्यायचे सोडून दिले.

काका काय करतात याकडे आमचे लक्ष होते. त्यांनी त्याला थांबविले नाही, समजावले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोळा वर्षांचे एक काटकुळे पोर कोपऱ्यात उभे केले आणि जाणाऱ्याला सांगितले, “आठ दिवस हायेत तुह्याजवळ. याले शिकव.”

त्या आठ संध्याकाळी मी चुकविल्या नाहीत. कॉलेजातली एक बैठक मात्र चुकविली. पहिले दोन दिवस पोर सारखे लवकर झेपावे आणि तोंडघशी पडे. तिसऱ्या दिवशी भीतीने झेपावेच ना. मोठा त्याच्यामागे उकिडवा बसे, दोन्ही हात त्याच्या कमरेला लावून. चढाईवाला आला की त्याला धरून ठेवी आणि नेमक्या क्षणी सोडी. पतंग सोडावा तसे! पाचव्या दिवशी हात काढून घेतले. सहाव्या दिवशी साथीदाराचा आणि पोराचा हात त्याने स्वतः एकमेकांत गुंफून दिला. तेव्हा तो साथीदार, सहा वर्षांचा जोडीदार, दुसरीकडे पाहत होता. मध्येच पाणी पिताना पोराने विचारले, “दादा, तुमी गेल्यावर कोपरा कोन धरन?” तो म्हणाला, “तू धरशीन. आनखी कोन?”

शेवटच्या दिवशी काकांनी आपसात सामना लावला आणि मोठ्याला समोरच्या बाजूने चढाईला पाठविले. तो काही मुळातला चढाईवाला नव्हे. पण कोपऱ्याची सारी कपटे त्याला ठाऊक. पहिल्या चढाईत त्याने पोराला हुलकावणी देऊन हात मारला. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा त्याने पाय बोनस रेषेकडे टाकला मात्र, पोराने कंबर पाहिली, घोटा धरला, आणि साथीदार वरून आला. तिघे मातीत पडले. मोठा मध्यरेषेकडे सरपटण्यासाठी खरोखर धडपडला. त्याने मुद्दाम पकड दिली नाही, हे आम्ही भिंतीवरून स्पष्ट पाहिले. शिटी वाजली. उठल्यावर त्याने पोराच्या पाठीवरची माती झटकली आणि बूट शोधायला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो गेला.

दिवाळीनंतरच्या पहिल्या स्पर्धेला आम्ही जीपमधून गेलो. नऊ जणांच्या जीपमध्ये चौदा. आमचा संघ पहिला सामना जिंकला आणि दुसऱ्यात सहा गुणांनी हरला. पोराने दुसऱ्या सामन्यात चार पकडी केल्या आणि तीनदा लवकर झेपावला. येताना कोणी फारसे बोलले नाही. पण काकांनी जीपच्या दिव्यात वहीवर संघाची नावे लिहिली, तेव्हा उजव्या कोपऱ्यासमोर त्या पोराचे नाव त्यांनी शाईने लिहिले. एरवी ते पेन्सिलने लिहितात.

यंदाही माती आली आहे. चाळणे चालू आहे. गेल्या रविवारी चाकणहून पोस्टमनच्या मोबाइलवर फोन आला. यंदा माती तांबडी आणली की पुन्हा पिवळटच, अशी चौकशी झाली, आणि कारखान्यात दिवाळीला चार दिवस सुटी आहे असे कळविण्यात आले. पोस्टमननी ही बातमी काकांना दिली. काकांनी मान हलविली आणि चाळणी हलवीत राहिले.

तेव्हा पाहुणे मंडळींनी यंदा जरूर यावे. चहाची सोय आहे. खुर्ची मात्र एकच आहे, आणि ती माझी आहे. भिंतीवर जागा भरपूर आहे.