राजीनाम्याचा कागद

लेकीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी जुनी फाईल उघडली, तर रेशन कार्डाच्या झेरॉक्समागे एक पिवळा पडलेला कागद सापडला. चार ओळींचा राजीनामा. ‘वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने.’ खाली सही आणि तारीख, ५ डिसेंबर २००८. लेकीनं विचारलं, “हे कोणाचं?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हणालो, “आपल्या तिघांचं.”

खरं तर नोकरी आमच्यापैकी एकीची गेली होती. पण झोप दोघांची उडाली. म्हणून हे लिहिताना ‘मी’ हा शब्द वापरावा असं वाटत नाही.

आम्ही मूळचे म्हसळा तालुक्यातले. लग्नानंतर नवी मुंबईत आलो आणि कोपरखैरण्यात भाड्यानं एक खोली घेतली. नवरा तुर्भ्याच्या दाणाबाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहायचा, पगार साडेपाच हजार. बायको महापेला एका कार्यालयात अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिलं संगणकात भरायची, पगार सात हजार. घरात जास्त कमावणारी ती आहे, हे आम्ही गावी कधी सांगितलं नाही. आज कबूल करतो.

२००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत बँका कोसळल्या. त्याची झळ महापेपर्यंत यायला तीन महिनेही लागले नाहीत. काम कमी झालं, मुली इकडून तिकडे हलवल्या गेल्या. बायकोला पाचवा महिना होता. बकरी ईद ९ तारखेला आणि त्याआधीच्या शुक्रवारी तिला आत बोलावलं. बाकीच्यांना दुसऱ्या कामावर घेतलं होतं. तिला सांगितलं, “तुम्हाला आता दगदग झेपणार नाही. राजीनामा द्या, म्हणजे अनुभवाचं पत्र नीट मिळेल.” मजकूर तयार होता, फक्त सही हवी होती. तिनं केली. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, “सही का केलीस?” ती म्हणाली, “खुर्ची रिकामी करा असं कोणी म्हणालं की माणूस आधी उभा राहतो, विचार नंतर सुचतो.”

ईदला अम्मी गावाहून आल्या. सोबत तांदूळ, सुकी मासळी, नाचणीचं पीठ. आम्ही दोन दिवस काही बोललो नाही, पण त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. आम्हाला वाटलं, म्हणतील, बरं झालं, आता घरी बस. त्या म्हणाल्या, “रोजी देणारा अल्ला आहे, मालक नाही. पण पोरींनो, पोरांनो, हाजरा बीबीनं लेकरासाठी नुसती दुआ केली नाही. सफा-मरवाच्या मध्ये सात वेळा धावली. मग पाणी लागलं.” हजचेच दिवस होते. लाखो लोक त्या वेळी तिकडे त्या माऊलीच्या पावलावर पाऊल टाकून चालत होते. आम्ही वाशी-ठाणे लोकलचा पास काढला.

नवरा दुपारची सुट्टी घेऊन सोबत जायचा आणि खाली चहाच्या टपरीवर थांबायचा. ऐरोली, रबाळे, घणसोली, सानपाडा, बेलापूर. टायपिंगची परीक्षा व्हायची, वेग पाहून समोरचा खूश व्हायचा. मग नजर ओढणीखाली पोटावर जायची आणि “कळवतो” म्हणून बोलणं संपायचं. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतरचे दिवस होते ते. नाव सांगितल्यावर समोरचा क्षणभर थांबतो, की आम्हालाच तसं वाटतं, हेही कळत नसे. नकार पोटामुळे की नावामुळे? कारण कोणीच सांगत नाही, त्यामुळे माणूस सगळी कारणं आपल्याच अंगावर घेतो.

जानेवारीत एका ठिकाणी होकार आला. थंडीमुळे सैल स्वेटर होता, कोणाच्या लक्षात आलं नाही. सोमवारपासून या म्हणाले. त्या रात्री आमचं पहिलं मोठं भांडण झालं. नवरा म्हणाला, “सांगू नकोस. एक पगार तरी हाती येऊ दे. मार्चमध्ये खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपतोय.” बायको म्हणाली, “खोटं बोलून आणलेला घास पोटातल्याला भरवू?” पहाटेपर्यंत दोघंही जागेच. फजरनंतर नवराच म्हणाला, “फोन कर.” तिनं फोन केला, खरं सांगितलं. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या, अभिनंदन म्हणाल्या आणि नोकरी दुसरीला दिली.

बरीच वर्षं आम्ही ही गोष्ट अभिमानानं सांगत होतो. आता तितकासा अभिमान वाटत नाही. ‘स्वखुशीने’ हा शब्द लिहून ठेवणाऱ्यांची झोप उडाली असेल का? खरं बोलण्याचा सगळा भार सातव्या महिन्याकडे निघालेल्या बाईवरच का?

फेब्रुवारीच्या अखेरीस बाजारातल्या एका ओळखीच्या वकिलांनी कागद पाहिला आणि डोक्याला हात लावला. त्यांच्याकडून कळलं, १९६१ सालचा मातृत्व लाभ कायदा आहे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर हक्क लागू होतो. गरोदरपणात कामावरून काढलं तरी तो लाभ बुडत नाही आणि काढल्याविरुद्ध ६० दिवसांत दाद मागता येते. “पण तुम्हाला काढलंच कुठं? तुम्ही तर स्वतः सोडलंय,” ते म्हणाले. आणि ६० दिवसही उलटून गेले होते. बारा आठवड्यांचा पगार आमच्याच सहीनं गेला होता.

त्यांनीच आणखी दोन गोष्टी सांगितल्या. गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या विधेयकाला मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. आणि एअर इंडियात हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणाबरोबर संपवता येईल असा नियम होता. नर्गेश मीर्झा आणि त्यांच्या सहकारी लढल्या आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. ऐकून आम्ही गप्प झालो. त्या भांडल्या होत्या. आम्ही सही करून आलो होतो.

मार्चमध्ये घरमालकीण मावशी करार संपला म्हणून आल्या. आगरी बाई, आवाज मोठा. आम्ही सामान बांधायच्या तयारीनं बसलो होतो. त्या म्हणाल्या, “भारा बालंतपनानंतर बघू. आदी माजे दोन नातू शिकवायला घे.” दोनाचे अकरा झाले. माथाडी कामगारांची मुलं, संध्याकाळी चटईवर दाटीवाटीनं बसायची. एप्रिलमध्ये लेक झाली तेव्हा त्या अकरांनी तिचं नाव काय ठेवायचं यावरून भांडण केलं.

दीड वर्षानं बायको पुन्हा मुलाखतींना निघाली, तर नवा प्रश्न: “मधली दीड वर्षं काय करत होता?” याचं उत्तर अर्जात कुठं लिहायचं, तो रकाना आम्हाला सापडला नाही. नोकरी मिळाली, पण पगार आधीपेक्षा कमी. ती धरून ठेवली.

२०१७ मध्ये कायद्यात बदल झाला. पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि हे हक्क नेमणुकीच्या वेळीच बाईला लेखी कळवणं बंधनकारक झालं. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कायदा वाढला, चांगलंच झालं. पण तयार मजकुराचा कागद पुढं सरकवणारे हातही अजून आहेतच.

म्हणून आमच्या मोहल्ल्यातल्या, नातेवाइकांतल्या कामाला जाणाऱ्या मुलींना आम्ही एवढंच सांगतो: कोणी कागद पुढं केला तर “घरी वाचून उद्या सांगते” म्हणा. एक रात्र मागून घ्या. धावणं चुकणार नाही, पण कुठल्या दिशेनं धावायचं ते तरी ठरवता येईल.

लेकीनं तो कागद दोनदा वाचला. म्हणाली, “फाडून टाकू?” आम्ही म्हणालो, “नको. तुझ्या दाखल्यांबरोबर ठेव.” तिनं तो जन्मदाखल्याच्या मागे लावला आणि फाईल बंद केली.