भित्यापाठी

"तुम्हाला काय माहीत?" ती म्हणाली, आणि मी गप्प झाले. प्रश्न साधा होता, उत्तर त्याहून साधं: नव्हतं माहीत. हे झालं फेब्रुवारीत. आता मृगाचे ढग यायला लागलेत, तरी दुपारी पंख्याखाली आडवी झाले की तो प्रश्न येऊन उशाशी बसतो.

मी तिला एवढंच म्हटलं होतं, "काही होत नाही."

हे वाक्य आपल्या तोंडात बडीशेपेसारखं असतं. स्वतः चघळायचं आणि दुसऱ्याच्या हातावर चिमूटभर ठेवायचं. सुईला घाबरणाऱ्या पोराला, दहावीच्या पहिल्या पेपरला निघालेल्या मुलीला, ऑपरेशनला आत नेताना मान वळवून बघणाऱ्या नवऱ्याला. मी ते हजारदा म्हटलं असेल. त्यातल्या एकाच्याही बाबतीत, होतं की नाही होत, हे मला आधी ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या बाबतीत तर झालंच. पण ते इथे नको.

गुलमर्गला गेले ती भाचीच्या हट्टापायी. वय वर्षं अकरा. "आत्या, तू नुसती शाल पांघरून कहवा पीत बसायचं नाही," असा दम तिने विमानातच भरला होता. नवशिक्यांचा उतार म्हणजे फार काही नसतो. पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्याने त्याला उतार म्हटलं तर लोक हसतील. पण पायांत घोट्याला जखडणारे बूट, बुटांना अडकवलेल्या दोन लांब फळ्या आणि खाली बर्फ, अशी व्यवस्था केली की तोच उतार कडा होतो. छप्पन्नाव्या वर्षी तर सरळ कोकणकडाच.

शिकवणारा टंगमर्गकडचा, पंचविशीतला मुलगा. त्याचं सगळं शास्त्र चार शब्दांत मावत होतं. "आगे, मॅडमजी. पीछे नहीं." नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची, गुडघे किंचित मोडायचे आणि छाती दरीकडे द्यायची. दरी हा शब्द माझा. तो "नीचे" म्हणायचा. आता ज्या बाजूला पडायची भीती, त्याच बाजूला छाती द्यायची, हे शरीराला पटावं कसं? शरीर शहाणं. ते मागे बसतं. मागे बसलं की भार फळ्यांच्या शेपटांवर जातो, पुढची टोकं हलकी होतात, आणि फळी वळते ती टोकाकडच्या कडेवर भार असला तरच. म्हणजे ती वळत नाही आणि सरळ सुटते. वेग वाढला म्हणून आणखी भीती, आणखी भीती म्हणून आणखी मागे. पहिल्या दिवशी मी या चक्रातून सात वेळा गेले आणि सातही वेळा बुडावर बसून थांबले. पडायचंच तर कुशीवर, चढाच्या बाजूला, असं त्याने आधीच शिकवलं होतं. मागे पडता पडता सावरायला गेलं की गुडघ्याचे बंध तुटतात, हेही त्याने हाताच्या मुठी पिळून दाखवलं होतं. ते मला मुळीच आठवलं नाही. आठवली ती आई.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

रात्री मागच्या अंगणातून कळशी आणायला सांगितली की मी दारातच रेंगाळायची, आणि ओट्यापाशी उभ्या आईचं हे ठरलेलं वाक्य यायचं. तिला म्हणायचं असायचं की भिऊ नकोस. मला ऐकू यायचं ते वेगळंच. मला ती बातमी वाटायची: जो भितो त्याच्या मागे ब्रह्मराक्षस असतो. म्हणजे आधी एकट्या अंधाराची भीती होती, आता आपण भितोय याचीही भीती. भ्यायलो हे त्याला कळता कामा नये म्हणून मी अंगणातून चालत यायची, मोठ्याने पाढे म्हणत. पळत नाही. पळालं की कळतं.

या म्हणीत मी गुलमर्गच्या बर्फावर बसून, हातमोज्यातून पाणी गळत असताना, नको इतकी अडकले. म्हण म्हणते, पाठी. मागे. आणि तो मुलगा घसा फोडून सांगत होता, पीछे नहीं. म्हणजे भिणारा माणूस मागे झुकतो तो थेट ब्रह्मराक्षसाच्या मांडीवर जाऊन बसतो की काय? म्हण रचणाऱ्या आजीने कधी बर्फ पाहिला नसणार, पण तिला हे दिसलं असावं. किंवा नसावं. "पाठी" म्हणजे नुसतं "लागलेला" असंही असेल.

आणि ब्रह्मराक्षसच का? आपल्याकडे भुतांची काय वाण आहे? कोकणात तर गावागणिक हजेरीपट लागेल: मुंजा, समंध, हडळ, खवीस, वेताळ, देवचार, जखीण, गिऱ्हा. भित्र्या माणसाला यातलं कुठलंही पुरलं असतं. मुंजा तर पिंपळावर बसून कंटाळलेलाच असतो. पण म्हणीने निवडला तो सगळ्यांत शिकलेला. ब्रह्मराक्षस म्हणजे विद्वान ब्राह्मण, हातून काही चुकलं म्हणून राक्षस झालेला. देह गेला तरी विद्या न गेलेला. एवढी पदवी घेतलेल्या भुताला एखाद्या घाबरट पोरीमागे का धाडायचं?

एक जुनी कथा आहे. व्याकरण महाभाष्याचे कर्ते पतंजली म्हणजे शेषाचा अवतार. हजार शिष्यांना पडद्याआडून शिकवायचे, कारण हजार तोंडांच्या फुत्काराने समोरचा जळून जाईल. पडदा उचलायचा नाही आणि न विचारता उठून जायचं नाही, अशी ताकीद. शिष्यांना राहवलं नाही, त्यांनी पडदा उचलला आणि सगळे भस्म झाले. वाचला तो एकच, न विचारता बाहेर गेलेला. न विचारता गेलास म्हणून त्याला शाप: ब्रह्मराक्षस हो. उ:शाप असा की तुझी विद्या घ्यायला लायक शिष्य मिळाला की सुटशील. तो झाडावर जाऊन बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पंडितांना एकच प्रश्न विचारू लागला: 'पच्' धातूचं भूतकालवाचक रूप काय? भुज्-भुक्त, सिच्-सिक्त, या चालीवर कोणीही शहाणा माणूस म्हणेल, 'पक्त'. म्हटलं की त्याने खाल्लंच. कारण रूप होतं 'पक्व'. पाणिनीचं त्यासाठी वेगळं, इवलंसं सूत्र आहे, 'पचो वः'. शेवटी एक तरुण आला, 'पक्व' म्हणाला, आणि ब्रह्मराक्षसाने त्याला तिथेच झाडावर बसवून दिवसरात्र महाभाष्य सांगितलं. जवळ कागद ना शाई. तरुणाने झाडाच्या पानांवर आपल्या रक्ताने लिहून घेतलं. हाच पुढे आदि शंकराचार्यांचे गुरू गोविंद भगवत्पाद झाला, असं कथा सांगते. पण वाटेत तो दमून झोपला, आणि एका बकरीने त्यातली काही पानं खाल्ली. ती गेली ती गेलीच.

ही कथा मला बर्फावर सगळी आठवली असं म्हणणं खोटं होईल. 'पक्व' एवढंच आठवलं, बाकीचं रात्री हॉटेलात कांगडी पोटाशी धरून. पण आठवलं ते झोंबलं. खाल्ले गेले ते मूर्ख नव्हते, नियम पाळणारे होते. चालीवर चाल लावणारे. माझं शरीरही तेच करत होतं. आयुष्यभर जिन्यात, बसच्या फुटबोर्डवर, ओल्या मोरीत, तोल गेला की मागे हो, हा नियम त्याने घोकला होता. उतारावर प्रश्न आला आणि त्याने बिनचूक उत्तर दिलं: पक्त.

म्हणजे भित्यापाठचा तो शिक्षक म्हणायचा का? विद्या द्यायला आसुसलेला, आणि चुकलं की खाणारा? हे मला इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी उतारावर भाचीला सांगायला गेले. तोवर ती फळ्यांची टोकं जुळवून, शेपटं फाकवून, "पिझ्झा, पिझ्झा" ओरडत खाली पोचली होती. ज्याच्या मागे कोणीच नाही त्याला असल्या कथांचं काय?

आणि माझा शिक्षक तर पाठी नव्हताच. तो माझ्या पुढे होता, तोंड माझ्याकडे करून, स्वतः उलटा घसरत. त्याच्या हातातल्या काठीचं एक टोक माझ्या हातात. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, फळ्यांकडे नाही. तिसऱ्या दिवशी केव्हातरी माझ्या हातात काठी होती आणि तिचं दुसरं टोक हवेत होतं. सायकल शिकवणारे वडील कॅरिअर सोडतात, तसं त्याने ते केव्हा सोडलं ते मला कळलं नाही. आमच्या गावी पोहायला शिकवताना मामा पाठीला सुक्या पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत ढकलायचे, आणि दर चार दिवसांनी बिंड्यातला एक ओंडका गुपचूप कमी करायचे. आम्ही पोहायला शिकलो ते आधार आहे या समजुतीवर. ही मदत म्हणायची की फसवणूक? मामांना विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा विहिरीत ढकललं असतं.

या मुलाने मला एकदाही "कुछ नहीं होता" म्हटलं नव्हतं. म्हणून तो मला फार आवडला. "डर लगेगा, लगने दो," एवढंच म्हणायचा. मी मनात त्याची तुलना माझ्याशी, आईशी, सगळ्या बडीशेपवाल्यांशी करून झाले आणि तो मला ऋषी वाटायला लागला. मग चौथ्या दिवशी पाहते तर दिल्लीच्या एका घाबरलेल्या गृहस्थांना तोच हसत सांगत होता, "कुछ नहीं होता, सर!" म्हणजे माणूस बघून औषध होतं. की त्या दिवशी तो दमला होता? बीजिंगच्या 2022 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू आपल्या टंगमर्गकडचा आरिफ खान, हे तो सगळ्यांना सांगायचा आणि जायंट स्लालममध्ये 45 वा आला तेही सांगायचा. दुसऱ्या शर्यतीत, स्लालममध्ये, आरिफ पहिल्या फेरीतच बाद झाला, ते मात्र त्याच्या सांगण्यात कधी येत नसे. धीर देणाऱ्याने काय गाळायचं याचा काही नेम असतो का?

घरी आल्यावर मी माटियास झडार्स्की या माणसाबद्दल वाचलं. ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्डचा. उंच आल्प्समधल्या तीव्र उतारावरून वेग ताब्यात ठेवून, वळत वळत कसं उतरावं, याची पद्धत त्याने बसवली आणि 1896 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कितीतरी लोकांची भीती त्याने घालवली असणार. 1916 मध्ये, महायुद्धाच्या काळात, तो स्वतः हिमप्रपाताखाली सापडला आणि अंगातली हाडं जागोजाग मोडली. आणि तरी तो पुढे चोवीस वर्षं जगला. याला काय म्हणावं, काही होत नाही की होतं?

ती बाई चौथ्या दिवशीची. माझ्याच वयाची, लाल जॅकेट, मराठी हे तिच्या "अगं बाई"वरून कळलं. उताराच्या माथ्यावर उभी होती. खाली तिचा मुलगा मोबाइल धरून "आई, ये ना!" असं ओरडत होता. तिचे गुडघे थरथरत होते आणि ती मागे बसली होती, पुरती मागे. मला तीन दिवसांची विद्या चढलेली. मी तिला नडगी सांगू शकले असते, छाती सांगू शकले असते. निदान डर लगेगा, लगने दो, हे तरी. बाहेर आली ती बडीशेप. आणि तिने मान न वळवता, खालच्या उताराकडे बघतच विचारलं, "तुम्हाला काय माहीत?"

तेवढ्यात माझी पाळी आली. मी गेले. बरी उतरले, दोन वळणं तर चक्क जमली. मागे वळून पाहिलं नाही. फळ्यांवर मागे वळून बघता येत नाही, निदान मला नाही. लिफ्टने पुन्हा वर आले तेव्हा ती तिथे नव्हती. तिचा मुलगाही नव्हता. ती उतरली, पडली, की फळ्या काढून चालत गेली, हे तिच्या जागेच्या तुडवलेल्या बर्फावरून कळण्यासारखं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी रडकुंडीला आले असताना, त्या मुलाने मला भीतीबद्दल काहीतरी सांगितलं होतं. अर्धं हिंदीत, अर्धं काश्मिरीत. ऐकल्यावर मी उठून उभी राहिले एवढं नक्की. तिला तेच सांगायला हवं होतं. तेव्हापासून आठवायचा प्रयत्न करते आहे. त्याचा हात आठवतो, तळवा खाली, हळूहळू पुढे सरकणारा. शब्द आठवत नाहीत. ते पान बकरीने खाल्लं.