उंच चिमणीच्या बाजूने

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने कोळशावरच्या बहुतेक वीजकेंद्रांना एफजीडी, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड शोषून घेणारी यंत्रणा, बसवण्यातून सूट दिली. बातमी वाचून मला बरं वाटलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. भंगार वितळवून सळई करणाऱ्या जालन्याच्या भट्ट्या विजेवर चालतात. युनिटमागे चार पैसे वाढले की इथे पाळ्या कमी होतात. जुन्या जालन्यातल्या माणसाला हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

बाकीचे मुद्देही तोंडपाठ होते. आपल्या कोळशात राख जास्त, गंधक कमी. यंत्रणा महाग. आणि पाचशे मेगावॅटच्या संचाला २७५ मीटर उंच चिमणी असते. धूर वर गेला की विरला. परळी असो की चंद्रपूर, तो त्यांचा प्रश्न. आम्हाला आमच्या मिलचा धूर पुरे आहे.

मग सूट नेमकी कोणाला, ते नीट वाचायला बसलो. केंद्रांचे तीन गट आहेत. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीचं शहर दहा किलोमीटरच्या आत असेल तर ‘अ’. अतिप्रदूषित पट्टा किंवा हवेची मानकं न पाळणारं शहर तेवढ्याच अंतरात असेल तर ‘ब’. उरलेली सगळी ‘क’, म्हणजे जवळपास ७८ टक्के. त्यांना गंधकाची मर्यादा माफ. अट एकच: चिमणीची उंची नियमाप्रमाणे हवी.

त्या अटीपाशी अडलो. चिमणी उंच केल्याने गंधक कमी होत नाही, ते लांब जाऊन पडतं. हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. हे मला नवं नव्हतं. भूगोलाचा मास्तर म्हणून मी हेच शिकवत आलो. ब्रिटनने चिमण्या उंच केल्या, गावातली हवा निवळली, आणि गंधक समुद्र ओलांडून स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांत आम्ल होऊन उतरलं. मासे मेले. शेवटी १९७९ मध्ये जिनिव्हात देशांना करार करावा लागला. फळ्यावर ब्रिटनपासून बाण काढून मी पोरांना विचारायचो, “यात नॉर्वेचा काय दोष?”

तोच बाण हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्याबरोबर चंद्रपूरहून तेलंगणाकडे काढायचा, पावसाळ्यात तिथल्या रामगुंडमच्या वीजकेंद्राहून गडचिरोलीकडे, हे मला कधी सुचलं नाही. सुचलं नाही म्हणणंही सोयीचं आहे. मी सुचू दिलं नाही. कारण त्या बाणाचं शेपूट आमच्या भट्टीच्या मीटरला येऊन टेकलं असतं. परक्या देशाचा अन्याय शिकवायला फारशी अक्कल लागत नाही, आणि माझी तेवढ्यातच संपली होती.

मराठवाड्यातल्या माणसाला तर हे ओळखता यायला हवं होतं. आमच्या कुंडलिकेचं पाणी दुधना, पूर्णा करत गोदावरीला मिळतं. त्या गोदावरीसाठी लवाद बसला, १९८० मध्ये निवाडा झाला. त्याच नदीवरच्या बाभळी बंधाऱ्याचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ च्या निकालाने १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे ठरले. आपण कुरकुरलो, पण खालच्या राज्याचा हक्क मानला. वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्याने कुठे जायचं? दिल्ली परिसराच्या हवेसाठी २०२१ मध्ये कायद्याने आयोग आला. चंद्रपूर-आदिलाबादच्या सीमेवर तसं काही नाही.

हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत जालनाही आहे. म्हणजे आम्ही धूर सोसणारे आहोत आणि दुसऱ्याच्या धुरावर भट्ट्या पेटवणारेही.

प्रत्येक केंद्राला एफजीडी हवाच, असं मी आजही छातीठोक सांगणार नाही. त्याला चुनखडी लागते, पाणी लागतं, पैसा लागतो. पण निर्णय दहा किलोमीटरच्या वर्तुळावर होऊ नये. वारा कुठे जातो ते मोजावं, आणि तिथला जिल्हा दुसऱ्या राज्यातला असला तरी त्याचं म्हणणं सुनावणीत ऐकावं.

पुतण्या मिलमध्ये आहे. त्याच्यापुढे हे अजून बोललेलो नाही. तो विचारणारच, “काका, वाढलेलं बिल तुम्ही भरणार का?” माझ्या घरचं भरीन. मिलचं भरायची माझी ऐपत नाही, आणि त्याची नोकरी त्याच बिलावर आहे. तरीही मत आता हेच आहे.