झीज कोणाच्या खात्यावर?

व्यापारात तूट ज्या दिवशी उघडकीस येते, त्याच दिवशी ती झालेली असते असे क्वचितच घडते. गोदामातील एखाद्या पोत्याला बारीक भोक पडलेले असते. दाणा दाणा गळत राहतो आणि वर्षअखेरीस मालाची मोजणी होते तेव्हा वजनात फरक येतो. मोजणीच्या दिवशी काट्यापाशी उभा असलेला हमाल त्या तुटीचा धनी नव्हे, हे पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालवणाऱ्यांना सांगावे लागत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र हाच साधा हिशेब पुष्कळदा विसरला जातो. क्लच ज्याच्या पायाखाली निकामी झाला, त्यानेच तो जाळला असे घरोघरी धरून चालतात.

हा प्रश्न आता अनेक व्यापारी कुटुंबांच्या दारात उभा आहे, कारण घरातील तरुणांना हाताने गिअर बदलायच्या स्पोर्ट्स कारचे वेड आहे. जगभर अशा गाड्या कमी होत चालल्या आहेत. फेरारीसारख्या कंपनीने तर हाताचा गिअर देणे केव्हाच थांबवले. म्हणूनच ज्यांना गाडी केवळ वापरायची नसून चालवायची आहे, ते अशा गाड्या शोधून शोधून घेतात. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली आणलेली एमएक्स-५ ही याच जातीची. पहिल्या पिढीची ही गाडी वजनाने एक टनाच्या आत होती, इंजिन अवघे १.६ लिटरचे होते, आणि तरीही दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये जगात सर्वाधिक खपण्याचा मान पुढे याच मालिकेला मिळाला. अशा गाडीचा आनंद वेगापेक्षा हातापायांच्या मेळात असतो. तो मेळ जमला नाही तर त्याची किंमत सर्वप्रथम क्लच चुकवतो.

क्लचचे काम मुळात मध्यस्थाचे आहे. इंजिन सुरू असले की फिरतच राहते, चाकांना मात्र थांबावे लागते. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांची गाठ घालून देणे, आणि हवी तेव्हा ती सोडवणे, हे क्लच करतो. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्यासमोर प्रेशर प्लेट असते आणि दोहोंच्या मध्ये क्लच प्लेट. या प्लेटच्या दोन्ही अंगांना घर्षण सोसणाऱ्या पदार्थाचा थर रिव्हेट मारून बसवलेला असतो. रिव्हेटच्या माथ्यापर्यंत झिजण्याजोगा थर प्रत्येक बाजूला साधारण मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. क्लचचे सारे भांडवल एवढेच.

पेडल पूर्ण दाबलेले असते तेव्हा प्लेट मोकळी असते. घर्षण नाही, म्हणून तिची झीजही नाही. पेडल पूर्ण सोडलेले असते तेव्हा तिन्ही भाग एकजीव होऊन एकाच गतीने फिरतात. तेव्हाही झीज नाही. झीज होते ती केवळ मधल्या अवस्थेत, ज्याला ड्रायव्हर मंडळी 'हाफ क्लच' म्हणतात. म्हणूनच गाडी किती किलोमीटर धावली यावरून क्लचचे वय ठरत नाही. तो किती वेळ धड सुटलेला नाही आणि धड जुळलेलाही नाही अशा स्थितीत राहिला, यावर ते ठरते. महामार्गावर लाखभर किलोमीटर गेलेली गाडी जुन्या क्लचवर सुखाने चालते, आणि अडनिड्या पायाखाली दुसरी गाडी वर्षभरात क्लच मागते.

या मधल्या अवस्थेची किंमत गणिताने मांडता येते. जागेवरून गाडी उचलताना इंजिनाचे फेरे स्थिर ठेवून क्लच पूर्ण जुळेपर्यंत घसरू दिला, तर प्लेटमध्ये निर्माण होणारी उष्णता त्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला १,५०० फेऱ्यांऐवजी ३,००० फेऱ्यांवर गाडी उचलली की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. चढावरचा हिशेब याहून बोलका आहे. दहा फुटांना एक फूट असा चढ, माणसांसह साडेबाराशे किलोची गाडी, आणि ब्रेक न लावता केवळ हाफ क्लचवर ती जागच्या जागी तोलून धरलेली. इंजिन मिनिटाला हजार फेरे फिरत असले, तरी प्लेटमध्ये दोन-अडीच किलोवॉट उष्णता निर्माण होत असते. न्हाणीघरातल्या गिझरची ताकद साधारण एवढीच. बादलीभर पाणी तापवणारी ही उष्णता ताटलीएवढ्या प्लेटला सोसावी लागते. गाडी मात्र एक इंचही पुढे सरकलेली नसते.

स्पोर्ट्स कारमध्ये या चुका अधिक महाग पडतात, त्याला कारणे आहेत. इंजिनाने चटकन फेरे घ्यावेत म्हणून तिचे फ्लायव्हील हलके ठेवतात. हलके फ्लायव्हील साठवलेली गती लवकर गमावते, त्यामुळे नवख्याच्या हातून गाडी वारंवार बंद पडते. बंद पडण्याच्या लाजेने तो ॲक्सिलरेटर अधिक दाबतो आणि क्लच हळू सोडतो, म्हणजे दोन्हीकडून उष्णताच वाढवतो. दुसरी चूक खालचा गिअर टाकतानाची. इंजिनाचे फेरे वाढवून ते चाकांच्या गतीशी जुळवून घेतले नाहीत, तर ते वाढवण्याचे काम क्लच प्लेटला घासून करावे लागते. तिसरी चूक सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि सर्वांत खोल जाते. गाडी धावत असताना डावा पाय पेडलवर नुसता टेकवून ठेवण्याची ती सवय. पायाच्या तेवढ्या भारानेही स्प्रिंगची पकड सैल होऊ शकते, प्लेट न कळत घसरू लागते आणि रिलीज बेअरिंग सतत दाबाखाली फिरत राहते. सिग्नलवर गिअर टाकून पेडल दाबून बसणाऱ्याची प्लेट झिजत नाही, पण बेअरिंग झिजते.

सांगलीतील हळदीच्या एका पेढीवर काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग या साऱ्याचा अर्थ नीट सांगतो. घरातील धाकट्या नातवाने पुण्याच्या एका गृहस्थांकडून सहा गिअरची, दोन आसनी, वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली होती. वर्षभर ती त्याच्याच हातात होती. एकदा पुण्याहून तो परस्पर दिल्लीला गेला आणि गाडी सांगलीला आणण्याचे काम पेढीच्या जुन्या ड्रायव्हरवर सोपवले. वीस वर्षे पेढीचा टेम्पो आणि घरची गाडी चालवणाऱ्या या गृहस्थांना सारे घर 'मामा' म्हणत असे.

पुण्याहून साताऱ्याकडे येताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागे. त्या दिवशी चढावर एक मालट्रक बंद पडला होता आणि वाहनांची रांग पावलापावलाने सरकत होती. अर्ध्या घाटात मामांच्या पायाखाली इंजिन गरजू लागले, पण गाडी पुढे जाईना. जळका वास सुटला. गाडी ओढून न्यावी लागली. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लच प्लेट बदलता येत नाही. शिवाय प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हे सारे नवे घालायचे ठरले. खर्चाचा आकडा मामांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा निघाला.

नातू दिल्लीहून परतला तो संतापूनच. "मामा, टेम्पोसारखी चालवलीत तुम्ही! प्लेट जाळून टाकलीत," असे तो पेढीवर सर्वांदेखत बोलला. मामा एवढेच म्हणाले, "घाटात मी गाडी हँडब्रेकवर धरली होती, मालक." यावर कोणी काही बोलले नाही. दरमहा पगारातून काही रक्कम वळती करावी असे मुनिमांना सांगितले गेले. मामांच्या थोरल्या मुलीचे त्या वर्षी कॉलेजात नाव घालायचे होते, हे पेढीवर सर्वांना ठाऊक होते.

आप्पा, म्हणजे नातवाचे आजोबा, तोवर गादीवर बसून ऐकत होते. त्यांचा एक जुना शिरस्ता होता. दुरुस्तीत बदललेला जुना भाग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते बिल चुकते करीत नसत. त्यांनी मेकॅनिकला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी तो जुने भाग पोत्यात घालून घेऊन आला आणि वर्तमानपत्र अंथरून त्याने ते पेढीवरच मांडले.

"ही एका दिवसाची झीज आहे का?" आप्पांनी विचारले.

"नाही आप्पा," मेकॅनिक म्हणाला. "एका दिवसात जळालेल्या प्लेटचा थर जाड असतो, फक्त वरून काळा पडून चकाकतो. हा थर सगळीकडून सारखा उतरलाय. रिव्हेटांची डोकी उघडी पडलीत. हाऊसिंगमध्ये भुकटी साचली होती, ती चार दिवसांची नव्हे. आणि ही प्रेशर प्लेटची बोटं पाहा, बेअरिंग टेकून टेकून चरे पडलेत. पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय असली की असं होतं."

फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डागही होते. ते घाटातले असतील, हे मेकॅनिकने नाकारले नाही. जो थर आधीच संपत आला होता, त्याचा शेवटचा पापुद्रा त्या चढावर गेला होता.

नातू वरमला, पण त्याच्याजवळही एक रास्त मुद्दा होता. गाडी वापरलेली होती. पहिल्या मालकाने प्लेट किती झिजवून दिली, हे कोणी पाहिले होते? आप्पांनी तो मुद्दा मान्य केला. ते म्हणाले, "पहिल्या मालकाचं किती आणि तुझं किती, हे आता कळायचं नाही. पण मामांचं किती, ते कळलं. मुनीमजी, पगारातली वळती काढून टाका. बिल याच्या खाजगी खात्यावर लिहा." मग नातवाकडे वळून ते म्हणाले, "सर्वांदेखत बोललास ना? मग माफीही सर्वांदेखत माग."

नातवाने माफी मागितली. मामा संकोचले, "असू द्या, मालक," म्हणाले. त्यानंतर काही रविवार सकाळी गावाबाहेरच्या चढावर ती दोन आसनी गाडी दिसत असे. नातू चालवायला आणि शेजारी मामा. हँडब्रेक ओढून गाडी धरायची, क्लच जिथे पकड घेऊ लागतो तिथवर आणायचा, इंजिनाचा आवाज किंचित खाली बसला की हँडब्रेक सोडायचा आणि लगेच क्लच पूर्ण सोडून पाय बाजूला घ्यायचा, एवढाच धडा होता. टेम्पोवर शिकलेला हा धडा स्पोर्ट्स कारलाही तंतोतंत लागू पडला.

जी घरे अशी गाडी बाळगतात, त्यांनी दोन-तीन गोष्टी नियमाने केल्या तर असे प्रसंग येणारच नाहीत. वापरलेली गाडी घेताना मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरचा गिअर टाकून, कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. इंजिनाचे फेरे एकदम चढले आणि गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे असे समजावे आणि तिचा खर्च सौद्यातच वळता करून घ्यावा. पेडल पूर्वीपेक्षा बरेच वर आल्यावर क्लच पकड घेऊ लागला, तर तीही बहुधा झीज वाढल्याची खूण असते. क्लच बदलला त्या दिवशीचे किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत. बहुतेक गाड्यांत डाव्या पायासाठी पेडलशेजारी वेगळी टेकण दिलेली असते. गिअर बदलण्याचे काम संपताच पायाने तिथे जावे.

आणि गाडी एकापेक्षा अधिक माणसे चालवत असतील, तर बिघाडाच्या दिवशी कोण चालवत होते हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी जुना भाग मागवून पाहावा. ज्याच्या हाताखाली चार माणसे कामाला आहेत, त्याला हे अधिक लागू आहे, कारण त्याच्या पेढीवर चुकीची नोंद झाली तर तिचे पैसे दुसऱ्याच कोणाच्या तरी घरातून जातात.