बाबांच्या मेंदूतली आग

१२ जानेवारी, तात्यापारा, रायपूर
पहाटे बाबा पलंगाखाली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. केव्हा झालं, कुणालाच माहीत नाही. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे साडेचार तास कुठून मोजायचे?

१३ जानेवारी
सीटीत डावीकडे काळपट डाग. केवढा मोठा.

१९ जानेवारी
प्रत्येक गोष्टीला ‘पाणी’ म्हणतात. चष्म्यालाही. चुकलं हे त्यांना कळतं. डोळे भरतात.

२ फेब्रुवारी
पेट स्कॅनच्या ड्यूटीवर परत. एफडीजीची, म्हणजे किरणोत्सारी साखरेची, पेटी उशिरा आली. तिच्यातलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. एका आजींचा डोस पुन्हा मोजला. पडद्यावर त्यांचा मेंदू लख्ख. सगळ्यांचाच दिसतो, मेंदू मुख्यतः साखरेवर चालतो. या उजेडात बाबांच्या मेंदूतली सूज, ती आग, वेगळी दिसणार नाही.

९ फेब्रुवारी
रात्री वाचत बसले. मेंदूतल्या रक्षक पेशी, मायक्रोग्लिया, चवताळल्या की त्यांच्यात टीएसपीओ हे प्रथिन वाढतं. पीके-१११९५ हा ट्रेसर त्याला जाऊन चिकटतो. पण त्यावर कार्बन-११, वीस मिनिटांत निम्मा. तो बनवणारा सायक्लोट्रॉन आवारातच हवा. नागपूरहून गाडीने आणायचं म्हटलं तर पाच तास. पंधरा वेळा निम्मं. बत्तीस हजारांत एक भाग उरतो. दोनदा गणित केलं.

२० मार्च
एमआरआय: जुना इन्फार्क्ट, नवीन काही नाही.
आई म्हणाली, ‘म्हणजे आग विझली ना गं?’
गप्प राहिले. २००० सालच्या एका अभ्यासात डागापासून लांब, थॅलॅमसमध्ये, कित्येक महिन्यांनीही ती धुमसताना दिसली होती.

२८ मार्च
डीपीए-७१४ हा दुसरा ट्रेसर फ्लोरिनचा. प्रवास झेपेल. पण जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने काहींच्यात तो नीट चिकटत नाही. आधी रक्त तपासायचं. आणि चिकटला तरी त्या पेशी मलबा उपसतायत की धड भाग खातायत, ते कळत नाहीच.

५ एप्रिल
सकाळी चष्म्याला ‘चष्मा’ म्हणाले! आईने मला फोन लावला, बोलताच येईना तिला.
दुपारी पुन्हा ‘पाणी’.

१८ एप्रिल
आईने परत विचारलं. या वेळी सांगितलं: बघायचं यंत्र मी रोज चालवते, त्यात घालायचा ट्रेसर इथे मिळत नाही.
‘मग हात तरी हलवू या,’ म्हणाली.
व्यायाम सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस.