लघुग्रहांवरील पाणी

लघुग्रहांच्या खाणींची गोष्ट निघाली की आमच्या वर्गबंधूंस प्रथम सोने आठवते. आम्हांस मात्र पाणी आठवते. लालबागच्या आमच्या चाळीत आजी तळमजल्याच्या नळावरून चौथ्या माळ्यापर्यंत हंडे वाहात असे. खाली सहज मिळणाऱ्या पाण्याचे मोल प्रत्येक जिन्यागणिक वाढते, हे तिच्या वाकलेल्या कंबरेने आम्हांस शिकविले.

अंतराळाचा हिशेबही असाच आहे. अग्निबाणाच्या वजनाचा बहुतेक भाग इंधनाचाच असतो. म्हणून पृथ्वीवरून वर नेलेला प्रत्येक किलो फार महाग पडतो. पाणी वरच मिळाले तर ते पिता येईल, आणि विजेने त्याचे हायड्रोजन व प्राणवायू असे पृथक्करण करून पुढील प्रवासाचे इंधनही करता येईल.

परंतु हे आज परवडेल काय? २०१६ साली निघालेल्या अमेरिकन यानाने बेन्नू नामक लघुग्रहाची माती २०२३ साली पृथ्वीवर आणिली. ७ वर्षे लागली, १०० कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला, आणि हाती आली १२१.६ ग्रॅम! तथापि त्या मातीत पाणी धरून ठेवणारी खनिजे सापडली, हे काही थोडे नव्हे. अडचण निराळीच आहे. बेन्नूवर गुरुत्वाकर्षण इतके क्षीण, की तेथे कुदळ मारणाराच वर उडून जावयाचा!

तेव्हा वाचकहो, ही खाण उद्याची नव्हे, परवाची आहे. तेथील माल पृथ्वीच्या बाजारात आणणे आतबट्ट्याचे. तो तेथेच वापरला तरच व्यवहार जमेल. ती युक्ती शोधणे कदाचित आमच्याच पिढीच्या वाट्यास येईल.